तिसऱ्या सामन्याचा पिचर

अमेरिकेच्या कनेटिकट राज्यात मिडलटाउन नावाचं गाव आहे. तिथल्या वेस्लियन विद्यापीठाच्या आवारात फॉस हिल ही गवताळ टेकडी, तिच्या माथ्यावर वेधशाळा आणि पायथ्याशी बेसबॉलचं मैदान. या मैदानावर 1865 पासून बेसबॉल खेळलं जातं. एप्रिलमधल्या एका शनिवारी मी त्या उतारावर बसलो होतो. ऊन होतं, पण वारा हाडात शिरत होता. पिचर दर चेंडूनंतर उजवा हात तोंडाशी नेऊन फुंकर घालत होता. एका बॅट्समनने आतल्या बाजूचा चेंडू बॅटच्या मुठीजवळ घेतला आणि बॅट खाली टाकून दोन्ही हात झटकले. थंडीत धातूच्या बॅटमधून जी झिणझिणी हातात चढते, ती टेकडीवरूनही कळत होती. त्या दिवसातला तो दुसरा आणि त्या दोन दिवसांतला तिसरा सामना होता. पहिल्या दोन सामन्यांना बसलेले अर्धे लोक एव्हाना उठून गेले होते.

या लीगबद्दल मला जे सांगायचंय ते त्या तिसऱ्या सामन्यात आहे. पण आधी लीग कोणती, ते सांगतो.

न्यू इंग्लंड स्मॉल कॉलेज अ‍ॅथलेटिक कॉन्फरन्स हे तिचं पूर्ण नाव, पण सगळे नेस्कॅक म्हणतात. ती 1971 साली स्थापन झाली. सभासद कॉलेजं अकरा, पण कनेटिकट कॉलेजचा बेसबॉल संघ नसल्याने या खेळात दहाच उरतात. पूर्व गटात बेट्स, बोडन, कोल्बी, ट्रिनिटी आणि टफ्ट्स. पश्चिम गटात अ‍ॅमहर्स्ट, हॅमिल्टन, मिडलबरी, वेस्लियन आणि विल्यम्स. अमेरिकी कॉलेज खेळांच्या उतरंडीत हा तिसरा विभाग. त्याचा पहिला नियम असा, की खेळाडूला खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही. मुलगा ताशी नव्वद मैलांनी चेंडू टाकत असला तरी फीचा प्रश्न घरची परिस्थिती बघून सुटतो, हात बघून नाही. तिसऱ्या विभागात बेसबॉल खेळणारी कॉलेजं चारशेच्या घरात आहेत. त्यांतली ही दहा अभ्यासासाठी फार नावाजलेली आहेत आणि त्यांच्यात प्रवेश मिळणं अतिशय अवघड आहे.

मराठी वाचकाला यातलं निदान एक नाव ओळखीचं वाटायला हवं. 1813 साली मुंबईत उतरलेला आणि अमेरिकन मराठी मिशनचा पाया घालणारा गॉर्डन हॉल हा विल्यम्स कॉलेजचा पदवीधर. तो मराठी शिकला, मराठीत लिहू लागला आणि 1826 मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर पटकीने गेला. त्याच्या कॉलेजात तेव्हा बेसबॉल नव्हतं. ते आलं, ते नेस्कॅकच्या कहाणीचंच पहिलं पान ठरलं.

1 जुलै 1859 रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्ड गावात अ‍ॅमहर्स्ट आणि विल्यम्स यांच्यात सामना झाला. दोन कॉलेजांमधला हा पहिला नोंदलेला बेसबॉल सामना. एका बाजूला तेरा खेळाडू, बेसच्या जागी जमिनीत ठोकलेले खुंट, एक गडी बाद झाला की सगळी बाजू बाद. पळणाऱ्याला चेंडू फेकून मारला तरी तो बाद! आबाधुबी खेळलेल्या माणसाला हा नियम समजावून सांगावा लागणार नाही. दोन्ही संघांनी आपापले चेंडू आणले होते. अ‍ॅमहर्स्टने 73-32 असा विजय मिळवला आणि पाठोपाठ ठेवलेला बुद्धिबळाचा डावही जिंकला. या लीगचा स्वभाव मला त्या जोडसामन्यात दिसतो. आजही या संघांतला शॉर्टस्टॉप सोमवारी सकाळी प्रयोगशाळेत उभा असतो, आणि शुक्रवारचा सामना लांबला तर शनिवारच्या आधी त्याला निबंध पुरा करायचा असतो.

आता हंगामाकडे येऊ. फेब्रुवारीत इथली मैदानं बर्फाखाली असतात. मार्चमधल्या सुट्टीत संघ फ्लोरिडा किंवा अ‍ॅरिझोनाला जातात आणि आठ-दहा दिवसांत तितकेच सामने खेळून परततात. तिथल्या आकड्यांवर फार विसंबू नये हे मी अनुभवाने शिकलो आहे. उबदार हवेत, सुकलेल्या मैदानावर, नाना ठिकाणांहून आलेल्या संघांविरुद्ध केलेली ती धावसंख्या असते. खरी परीक्षा परतल्यावर. कांगा लीग पाहिलेल्या मुंबईकराला हे चटकन उमगेल. पावसाळी खेळपट्टीवरच्या तीस धावांची किंमत धावफलकावर दिसत नाही, तशीच मेन राज्यातल्या वाऱ्यात मारलेल्या एका होम रनची किंमत सरासरीच्या आकड्यात मावत नाही.

गटातल्या चार प्रतिस्पर्ध्यांशी प्रत्येकी तीन असे फक्त बारा सामने गटाच्या क्रमवारीसाठी धरले जातात. एक सामना शुक्रवारी, दोन शनिवारी. पाऊस पडला की सगळं एक दिवस पुढे. चार आठवड्यांच्या शेवटांत निकाल. तिसऱ्या विभागात संघाला हंगामात चाळीसपर्यंत सामने खेळायची मुभा आहे, पण मुलांचं सारं लक्ष या बारांवर असतं. दुसऱ्या गटातल्या संघांशी गाठ पडते, पण ते सामने क्रमवारीत धरत नाहीत.

पुरस्कारांचा प्रश्न इथूनच सुरू होतो. हंगामाच्या अखेरीस वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू, सर्वोत्तम पिचर, सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम प्रशिक्षक असे मान जाहीर होतात. सोबत कॉन्फरन्सचे पहिले आणि दुसरे निवडक संघ. मत प्रशिक्षकांचं. हे लोक जाणते आहेत आणि त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण पश्चिम गटातल्या प्रशिक्षकाने पूर्व गटातल्या कॅचरला हंगामात फार तर एक-दोनदा पाहिलेलं असतं. मग आधार उरतो तो आकड्यांचा. आणि बारा सामन्यांचे आकडे किती नाजूक असतात ते बघा. बारा सामन्यांत एखाद्याला साधारण पंचेचाळीस वेळा बॅट चालवायला मिळाली असं धरू. त्यात 16 हिट असतील तर सरासरी .356 आणि 18 असतील तर .400. मधलं अंतर दोन हिटांचं. एक चेंडू तिसऱ्या बेसमनच्या हाताखालून घसरला आणि एक उजव्या क्षेत्ररक्षकासमोर ओल्या गवतात पडला, एवढ्यावर मुलगा चारशेचा बॅट्समन होतो आणि पहिल्या निवडक संघात जातो.

म्हणून मी पुरस्कारांची यादी वाचताना क्रम उलटा लावतो. आधी नवोदितांकडे पाहतो, कारण सर्वोत्तम नवोदिताचा मान या लीगमध्ये पुढच्या तीन वर्षांची चाहूल देतो. मग दुसरा निवडक संघ. त्यात बहुधा चांगल्या बचावासाठी ओळखला जाणारा, आकड्यांत मागे पडलेला एखादा कॅचर किंवा सेंटर फील्डर सापडतो. वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूची बातमी सगळ्यांना कळतेच.

जुन्या आणि नव्या खेळाडूंची तुलना करताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. 2011 पासून कॉलेज बेसबॉलमध्ये धातूच्या बॅटसाठी नवी मोजणी लागू झाली आणि बॅटमधून उसळणारा चेंडूचा वेग लाकडी बॅटच्या जवळ आणला गेला. त्यामुळे 2010 पर्यंतचे होम रन आणि त्यानंतरचे होम रन एकाच रांगेत मांडता येत नाहीत. कॉलेजांच्या विक्रमवह्यांत ते तसे मांडलेले दिसतात, तेव्हा वाचणाऱ्याने मनातल्या मनात रेघ ओढून घ्यावी. गंमत अशी, की धातूच्या बॅटला लगाम घाला म्हणून आधीपासून हट्ट धरणाऱ्यांत याच लीगमधला एक माणूस होता. अ‍ॅमहर्स्टचे बिल थर्स्टन. त्यांनी चार दशकांहून अधिक काळ संघ घडवला, राष्ट्रीय पातळीवर कॉलेज बेसबॉलच्या नियमपुस्तिकेचं संपादन केलं आणि पिचरच्या हाताच्या हालचालींचा इतका बारकाईने अभ्यास केला की मोठमोठे संघ त्यांना विचारायला येत.

थर्स्टन यांच्याकडे खेळलेल्या मुलांची कहाणी सांगितल्याशिवाय या लीगचा आढावा पुरा होणार नाही. आपण ‘खेळाडू’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर मेजर लीग, ही व्यावसायिक बेसबॉलची सर्वोच्च लीग, येते. नेस्कॅकमधून तिथवर पोचणारे फार थोडे. कोल्बीचा जॅक कूम्ब्स 1906 मध्ये पदवी घेऊन थेट फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्सकडे गेला आणि त्याच वर्षी 1 सप्टेंबरला बॉस्टनविरुद्ध एकट्याने चोवीस इनिंग टाकून 4-1 असा जिंकला. 1910 मध्ये त्याने 31 सामने जिंकले, त्यांतल्या 13 सामन्यांत प्रतिस्पर्ध्याला एकही धाव दिली नाही. कोल्बीचं मैदान आज त्याच्या नावाने ओळखलं जातं. पोलंडमध्ये जन्मलेला मो ड्राबोव्स्की ट्रिनिटीत शिकला. 1966 च्या वर्ल्ड सिरीजमधल्या, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेतल्या, पहिल्या सामन्यात बाल्टिमोरसाठी मध्येच पिचिंगला येऊन त्याने अकरा जणांना स्ट्राइक आउट केलं. अ‍ॅमहर्स्टच्या जॉन सेरुटीला 1981 मध्ये मेजर लीगच्या वार्षिक खेळाडू-निवडीत टोरंटोने पहिल्याच फेरीत निवडलं. या लीगमधल्या मुलाला पहिल्या फेरीत निवडतात, हे आज ऐकूनही आश्चर्य वाटतं.

पण या कॉलेजांनी मेजर लीगला जी माणसं खरी पुरवली ती मैदानावर फारशी दिसत नाहीत. ती कचेरीत बसतात. 1966 साली ड्राबोव्स्की पिच करत होता त्या बाल्टिमोर संघाचा कारभार हॅरी डाल्टन बघत होते, आणि ते अ‍ॅमहर्स्टचे. पुढे डाल्टन मिलवॉकीला गेले. तिथे 1980 मध्ये त्यांनी अ‍ॅमहर्स्टमधून नुकताच बाहेर पडलेला, थर्स्टन यांच्या हाताखाली तयार झालेला डॅन ड्यूकेट नावाचा कॅचर कामावर घेतला. ड्यूकेट मॉन्ट्रियल आणि बॉस्टनचे जनरल मॅनेजर झाले. मॉन्ट्रियलमध्ये त्यांच्या काळात नील हंटिंग्टन आले, बॉस्टनमध्ये बेन चेरिंग्टन. दोघेही अ‍ॅमहर्स्टचे, दोघेही थर्स्टन यांचे. चेरिंग्टन यांच्या कारकिर्दीत बॉस्टनने 2013 ची वर्ल्ड सिरीज जिंकली. हंटिंग्टन यांनी बारा वर्षं पिट्सबर्ग सांभाळलं आणि 2019 मध्ये ते गेल्यावर त्याच खुर्चीत चेरिंग्टन येऊन बसले. शिकागो कब्जने 108 वर्षांनी 2016 मध्ये विजेतेपद मिळवलं तेव्हा त्यांचे जनरल मॅनेजर होते जेड हॉयर, वेस्लियनचे.

ही नुसती ओळखीपाळखीची साखळी आहे असं कुणी म्हणेल. ओळखीचा भाग आहेच, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण मला त्यामागे एक कारण दिसतं. ज्या मुलाला आपण मेजर लीगमध्ये खेळणार नाही हे अठराव्या वर्षीच ठाऊक असतं आणि तरीही जो थंडीत रोज तीन तास सराव करतो, तो खेळाकडे वेगळ्या नजरेने बघू लागतो. आपल्यापेक्षा वेगवान मुलगा का चुकतो, दमलेला पिचर कुठे ढिला पडतो, नवव्या क्रमांकावर कुणाला पाठवावं, याचा विचार तो बाकावर बसून करतो. त्या बाकावरून जनरल मॅनेजरच्या खोलीपर्यंतचा रस्ता तितकासा लांब नाही.

हॉयर यांचं नाव निघालं की प्लेऑफ्सची गोष्ट आपोआप येते. नेस्कॅकच्या कॉलेजांनी सुरुवातीची वीस-बावीस वर्षं राष्ट्रीय स्पर्धेत संघ पाठवलेच नाहीत. मेमध्ये परीक्षा असतात, मुलं गावोगाव फिरत राहिली तर शिक्षणाचं काय, असं कॉलेजांच्या अध्यक्षांचं म्हणणं होतं. 1993-94 मध्ये ते दार प्रयोगादाखल उघडलं. आणि पहिल्याच वसंतात वेस्लियनचा संघ तिसऱ्या विभागाच्या अंतिम फेरीत पोचला! विस्कॉन्सिन-ऑशकॉशकडून तो हरला. त्या संघात दुसऱ्या वर्षाला असलेला हॉयर होता. इतकी वर्षं दार बंद राहिल्यामुळे किती चांगले संघ एप्रिलच्या अखेरीस नुसते घरी गेले असतील, या विचाराने मला आजही चुटपुट लागते. अध्यक्षांची काळजी खोटी नव्हती, पण निर्णय चुकीचा होता, असं माझं मत आहे.

कॉन्फरन्सच्या प्लेऑफ्समध्ये बरीच वर्षं प्रत्येक गटातले पहिले दोन, असे चारच संघ घेतले जात. ती स्पर्धा दोन पराभवांची: एकदा हरलात तर चूक सुधारायची संधी आहे, दुसऱ्यांदा हरलात की बस पकडायची. विजेत्याला राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश. बाकीच्यांचं नशीब निवड समितीच्या हातात असे, आणि ती समिती सहसा कॉन्फरन्सच्या पलीकडचे सामने, प्रतिस्पर्ध्यांची ताकद वगैरे बघत असे. म्हणजे मार्चमधल्या ज्या सामन्यांवर विसंबू नये असं मी वर म्हटलं, तेच सामने मेमध्ये एखाद्या संघाला वाचवतात.

दोन-तीन दिवसांत तीन किंवा चार सामने खेळायचे असले की पहिल्या पिचरची कीर्ती फार उपयोगी पडत नाही. तो एकदाच येणार, फार तर शेवटच्या दिवशी दोन इनिंगसाठी. दुसरा पिचर दुसऱ्या दिवशी. मग तिसरा कोण? इथे मोठे विभाग आणि नेस्कॅक यांच्यातला फरक उघडा पडतो. शिष्यवृत्तीच्या बळावर आठ-दहा चांगले पिचर गोळा करता येतात. इथल्या प्रशिक्षकाला ते घडवावे लागतात. पहिल्या वर्षी बाहेर बसणारा, दुसऱ्या वर्षी हरलेल्या सामन्यांत शेवटच्या दोन इनिंग टाकणारा, तिसऱ्या वर्षी शनिवारचा दुसरा सामना सुरू करणारा मुलगा. पुरस्कारांच्या यादीत त्याचं नाव क्वचित असतं. त्याच्या नऊ इनिंगमागच्या धावा सरासरीने जास्तच दिसतात, कारण तो आपल्या दमलेल्या क्षेत्ररक्षकांना घेऊन उतरतो. पण चॅम्पियनशिप त्याच्या हातून येते किंवा निसटते.

2008 च्या ट्रिनिटी संघाकडे या नजरेने बघावं. बिल डेकर प्रशिक्षक असलेल्या त्या संघाने एकामागून एक 44 सामने जिंकले. फ्लोरिडात जिंकले, गटात जिंकले, कॉन्फरन्समध्ये जिंकले आणि विस्कॉन्सिनमधल्या अ‍ॅपलटन इथे राष्ट्रीय अंतिम लढतीत पोचले. समोर जॉन्स हॉपकिन्स. तिथे ट्रिनिटी हंगामातला पहिला सामना हरली. दोन पराभवांच्या पद्धतीत अजून एक संधी होती. चव्वेचाळीस विजयांनंतर बसलेला पहिला धक्का पचवून तेच खेळाडू पुन्हा मैदानात उतरले आणि पुढचा, शेवटचा सामना जिंकले. 45 विजय, 1 पराभव. नेस्कॅकला बेसबॉलमधलं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं. 44-0 हा आकडा लोक सांगतात, मला त्यानंतरचा सामना जास्त मोठा वाटतो. पहिले दोन पिचर खर्ची पडल्यावर कुणाला तरी चेंडू हातात घ्यावाच लागतो.

त्यानंतर तिसऱ्या विभागाचा नकाशा बदलत गेला. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या छोट्या कॉलेजांची कॉन्फरन्स पुढे आली. तिथल्या कॅल लुथरनने 2017 मध्ये आणि चॅपमनने 2019 मध्ये राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. तिथे जानेवारीतही मैदानावर धावता येतं, आणि पिचरचा हात महिनाभर आधी तयार होतो. यात कुणाचा दोष नाही, हवामान आहे. पण नेस्कॅकचा संघ मेअखेर अंतिम आठांत दिसला तर त्याचं मोल याच्याशी ताडून करावं.

2020 मध्ये मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात कोरोनाच्या साथीमुळे नेस्कॅकने वसंतातला हंगाम रद्द केला, कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेचा निर्णय येण्याआधीच. शेवटच्या वर्षाच्या मुलांना खेळायला एक जादा वर्ष मिळालं, पण यांतल्या बऱ्याच कॉलेजांत पदव्युत्तर शिक्षणच नाही. ते वर्ष वापरायचं तर दुसरीकडे जावं लागलं. अनेक जण पहिल्या विभागात गेले. तिथे त्यांनी जे करून दाखवलं त्यावरून या लीगचा दर्जा कळतो, असं काही जण म्हणतात. मला तो निकष पुरेसा वाटत नाही. जिथे चार वर्षं काढली तिथे शेवटचा सामना न खेळता निघावं लागणं, हे त्या मुलांचं नुकसान कुठल्याही विभागातल्या यशाने भरून आलं नाही. भरीला मेजर लीगच्या निवडफेऱ्या 2019 पर्यंत 40 होत्या त्या 2021 पासून 20 झाल्या. छोट्या कॉलेजच्या मुलासाठी जी शेवटच्या फेऱ्यांची फट होती ती बुजली.

बॉस्टन आणि आसपास राहणाऱ्या मराठी घरांतली मुलं या कॉलेजांत शिकायला जातात. आई-वडील प्रवेशाच्या दिवशी आवार फिरून बघतात, ग्रंथालय बघतात, जेवणघर बघतात. मेडफर्डला टफ्ट्सच्या मैदानाला सॉल गिटलमन यांचं नाव आहे. ते तिथे जर्मन साहित्याचे प्राध्यापक होते, दीर्घकाळ विद्यापीठाचे प्रोव्होस्ट होते आणि बेसबॉलवर एक स्वतंत्र अभ्यासक्रम शिकवायचे. त्या मैदानाशीही थोडं थांबावं अशी माझी विनंती आहे. सामना चालू असेल तर धावफलकाआधी बाकावर नजर टाका. जॅकेट अंगावरून न काढता, हातात चेंडू फिरवत बसलेला एखादा मुलगा दिसेल. त्याची पाळी उद्या असते.

फॉस हिलवर त्या शनिवारी तिसऱ्या सामन्याच्या सहाव्या इनिंगपर्यंत आम्ही तीस-चाळीस जण उरलो होतो. पिचरने शेवटचा गडी बाद केला, फुंकर घालून घालून लाल झालेला हात ग्लव्हमध्ये खुपसला आणि मान खाली घालून बाकाकडे चालत गेला. टाळ्या मोजक्याच वाजल्या. तिथे बसायला तिकीट लागत नाही.